निळी रेघ

कुत्रं म्हटलं की आईला धडकी भरायची. म्हणून तिची अट होती: बाबा आणणार ते पिल्लू स्वयंपाकघरात शिरलं, तर त्याच पावली परत. बाबा सुतार. त्यांनी निळ्या भुकटीत घोळवलेली दोरी दारात ताणून फट्कन सोडली. फरशीवर सरळसोट रेघ उमटली. “ही हद्द!” मी आणि धाकटी सकाळपासून एकमेकींनाच रेघेशी थांबायला शिकवत होतो. संध्याकाळी बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतून दोन कान वर आले. पिल्लू सुटलं ते सुसाट! सोफ्याखालून, धाकटीच्या पायांमधून, घसरत, गडगडत थेट रेघेपर्यंत! “थांब!” आम्ही किंचाळलो. ते चक्क थांबलं. आई झारा उगारून ओट्याला चिकटलेली. पिल्लानं रेघ हुंगली, मग मिटक्या मारत चाटलीच. जीभ निळीशार! “अगंबाई, पोट बिघडेल ना त्याचं!” झारा फेकत आई धावली. पिल्लाला पोटाशी धरून तिनं तळहातानं अख्खी हद्द पुसून टाकली.