गोल कोपऱ्यांची टेप

जोगेश्वरीत आमच्या वरातीच्या तीन घोड्या. चारापाणी सहदेव बघायचा, घोड्या मी. नियम एकच: मुरघास म्हणजे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मुरवलेला हिरवा चारा; त्याच्या गासडीला बारीक भोक जरी पडलं, तरी ती घोडीपुढे टाकायची नाही, हवा शिरली की आत विष होतं. रविवारी चंद्रीने मुरघास हुंगला आणि तोंड फिरवलं. मी सहदेवला विचारलं, “गासडी फाटलेली नव्हती ना रे?” “नाय रे, नवीकोरी आहे. नखरे करतेय ती.” मग मी मुरघासाला गूळ चोळला आणि मुठीमुठीने भरवला. माझ्या हातून ती काहीही खायची. मंगळवारी तिला पाणीसुद्धा गिळता येईना. बुधवारी बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी चारा दाखवायला सांगितलं. रिकामं प्लास्टिक झटकलं तर तळाला भोक, आणि भोकावर टेप. टेपचे कोपरे गोल कापलेले. टेप सुटू नये म्हणून असे कोपरे आमच्यात फक्त सहदेव कापतो. “उंदराने पाडलं होतं,” तो टेपकडे बघत म्हणाला. “म्हशींच्या तबेल्यात होतो तेव्हा वरची बुरशी काढून असाच घालायचो यार. कधी काय नाय झालं.” “मी विचारलं होतं तुला.” “सांगितलं असतं तर तू अख्खी गासडी फेकून दिली असतीस.” चंद्रीने तर नको म्हटलं होतं. भरवलं मीच होतं.