राजारामच्या नंबरावर

"नवऱ्याचं नाव?" विमा कचेरीतल्या पाध्ये कारकुनांनी अर्जावरची नजर न उचलता विचारलं.

सगुणाने पदराचं टोक दातांत धरलं. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये, तसं थोरल्या दिराचंही घेऊ नये. तिला इथे थोरल्या दिराचं घ्यायचं होतं, आणि तेही नवऱ्याचं म्हणून. असली पाळी देवाने वैऱ्यावरसुद्धा आणू नये.

"राजाराम केरू गोताड," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मथुरा."

खरं म्हणजे मथुरा ही तिची जाऊ आणि राजाराम थोरला दीर. सरकारी इस्पितळात रक्त ओकत पडला होता तो तिचा नवरा आत्माराम. चौदा वर्षांपूर्वी राजारामला मुंबईत गिरणीत नंबर लागला. सहा महिन्यांत बाप वारला, शेती उघडी पडली आणि त्याला घरी यावं लागलं. पण गिरणीतला नंबर म्हणजे काय खायची गोष्ट होती? माणसं त्यासाठी भरती करणाऱ्या जॉबरच्या दारात वर्षं काढत. राजारामने आपलं कार्ड धाकट्याच्या हातात ठेवलं. "जा, माज्या जागेवर उभा ऱ्हा." तेव्हापासून आत्माराम गिरणीत राजाराम होता आणि शिमग्याला गावी आला की आत्माराम. जॉबरला ठाऊक होतं, अर्ध्या गावाला ठाऊक होतं. गिरणीला हात हवे होते, नावाशी तिला काय करायचं होतं?

मार्गशीर्षात गिरणीला टाळं लागलं. आत्माराम गावी आला. हातावर हात ठेवून बसणारा गडी नव्हता तो. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात त्याने काम ठरवलं. मालक म्हणाला, नारळी पुनवेनंतर ये. एक नोकरी सुटलेली, दुसरी लागायची, आणि मधल्या वैशाखात खोकल्यातून रक्त आलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. क्षय दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. "मिरजेला न्या आणि लवकर न्या," ते म्हणाले. घरात होतं नव्हतं ते तोवर इंजेक्शनांत गेलं होतं.

मग कुणीतरी सांगितलं की गिरणी बंद पडली तरी आधी कापून घेतलेल्या हप्त्यांवर कामगार विम्याचे आजारपणाचे पैसे मिळतात. मुदत जूनअखेरची. पण विमा होता राजारामच्या नावाचा. म्हणून इस्पितळातही आत्मारामला राजाराम म्हणूनच दाखल केलं. कार्डावर बायको म्हणून मथुराचं नाव, तेव्हा सगुणाला मथुरा होणं भाग पडलं. खरी मथुरा येती, तर वॉर्डात चौकशीला आलेल्या माणसाने दुसरीच बाई खाटेपाशी रडताना पाहिली असती. जावेने स्वतः चार दिवस समोर बसवून सगुणाकडून पाटीवर 'मथुरा' गिरवून घेतलं. स्वतःचं नाव तिला अजून लिहिता येत नव्हतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. आजची तिची चौथी खेप. एकदा शिक्का पुसट होता, एकदा दाखल्यावर तारीख नव्हती, एकदा साहेब दौऱ्यावर. पाध्ये माणूस वाईट नव्हते, फक्त कागदाबाहेरचं जग त्यांना दिसत नसे.

"आज सगळं जुळतंय," ते म्हणाले. "दोन वाजता साहेबांची सही झाली की पैसे मिळतील. हे बघा बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण सांगितलेलं बरं. पेशंटला काही झालंच, तरी आजवरचे पैसे बायकोला मिळतात. नावात मात्र फरक निघाला तर छदामही नाही, वर फसवणुकीचा खटला."

सगुणाने अर्ज जवळ ओढला. घरी दोन मुली होत्या. उद्या पहाटे मिरजेला जायला जीपगाडी सांगून ठेवली होती. आणखी दोन तास मथुरा राहायचं, मग हवं तर जन्मभर देवापुढे नाक घासेन, असं तिने मनाशी ठरवलं.

तिने सही केली. 'थु' जरा वाकडा आला.

तेवढ्यात दारात राजाराम दिसला. सकाळपासून तो इस्पितळात भावाच्या खाटेपाशी होता. आत्माराम त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्यानेच त्याला कडेवर वाढवलेला. घरात तो सगुणाशी कधी सरळ बोलला नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं ते मथुराकरवी, अशी त्यांच्या घरची रीत. ती समोर आली की तोच वाट सोडून बाजूला होई.

आज तो बाजूला झाला नाही. दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत उभा राहिला.

"कोण पाहिजे?" पाध्यांनी विचारलं. "गोताडांचे कोण तुम्ही?"

राजारामने टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. मग सगुणाकडे पाहिलं. 

"मी आत्माराम," तो म्हणाला. "पेशंटचा धाकटा भाव."

सगुणा उठून उभी राहिली. काय ते तिला कळलं होतं, तरी तिने कान झाकून घेतले नाहीत. पाध्ये बघत होते. राजाराम तिच्यापुढे आला आणि धाकट्या दिराने वाकावं तसा तिच्या पायांशी वाकला.

"वैनी," तो म्हणाला, "दादा गेला."