पुलापलीकडची भाकरी

चारुशीलाबाईंनी तुपाची वाटी कलती केली आणि चिंतामणरावांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको. भूक नाही."

"भूक नाही? कोर्टात काय पंगत होती?"

चिंतामणराव वकील पाटावरून उठले.

भूक नाही म्हणे! याच माणसाला पैजेवर जिलब्या खाताना अख्ख्या सांगलीनं पाहिलं होतं. चारुशीलाबाईंच्या पुरणपोळ्या परके लोक मागून खात. मूलबाळ नव्हतं. सगळी हौस काय ती नवऱ्याच्या ताटात. आता तेच ताट तो टाकून उठत होता, आणि वर दिवसेंदिवस उजळत होता. पोट उतरलेलं, चाल हलकी, कोट ढगळ झालेला. कोर्टातून आला की धोतर बदलून निघाला फिरायला. बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. पन्नाशीचा पुरुष उगीच सडपातळ होत नाही.

राहिलेलं शेजारच्या गोदावरीनं सांगितलं.

"काल पुलापलीकडं सांगलीवाडीला दिसले हो. रंगूबाईच्या मळ्यात. तिचा नवरा लढाईवर गेलाय ना?"

विरजण मागायला आली होती मेली, ते न घेताच गेली.

रंगूबाई! चिंतामणरावांनीच तिची बांधाची केस लढवली होती. सावळी, तरणीताठी, सदा हसरी. चारुशीलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्यामागोमाग त्याही पूल ओलांडून गेल्या.

वांग्याच्या मळ्यात वकीलसाहेब कुदळ मारत होते. सदरा बांधावर, अंग घामानं निथळत होतं. काम झालं तसे हातपाय धुऊन ते खोपीपुढच्या चुलीशी बसले. रंगूबाईनं जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी पुढं सरकवली. भाजीत तेलाचा थेंब दिसत नव्हता. आणि हा भूक नसलेला माणूस मिटक्या मारत जेवू लागला!

नवऱ्यानं तिचा हात धरला असता तरी बाईंना एवढं झोंबलं नसतं. त्या तरातरा पुढं गेल्या.

"माझ्या हातचं कडू लागतं, आणि हिचं गोड?"

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस ताट पाठीमागं दडवू लागला. बोलली ती रंगूबाई.

"आवं वैनीसाब, गोड कसलं? मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, ह्यांच्या लिवरवर लय चरबी चढलीया. बसून तूपसाखर खाल्ली तर धडगत न्हाई. घाम गाळा, कोरडी भाकरी खावा, मग उतरंल. घरी सांगा म्हनून मी कवाधरनं वरडतीया. तर म्हनत्यात, 'तिला काय सांगू? तुझ्या हातचं खाऊनच आजारी पडलो, असं?'"

चारुशीलाबाई चुलीजवळ बसल्या. डोळ्यांना पाण्याची धार लागली.

"मी काय मेले होते? मला नाही सांगायचं?"

"तुला लागलं असतं गं," वकीलसाहेब पुटपुटले.

"आता नाही वाटतं लागलं?"

बाईंनी नाक पुसलं. तव्यावर रंगूबाईची भाकरी टम्म फुगली होती. ती पाहिली मात्र, बाईंचं पुन्हा बिनसलं. त्यांनी पदर खोचला.

"सर गं बाजूला."

जन्मभर पोळ्या लाटलेल्या हातांना भाकरी कुठली जमायला! पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर गेली खरी, पण कडेनं करपली आणि मधे कच्ची राहिली. बाईंनी रंगूबाईची भाकरी नवऱ्याच्या ताटातून उचलली आणि आपली त्यात टाकली. चिंतामणरावांनी एक घास तोडला. कचकच चावला. गिळला. दुसरा तोडला.

ते खाताहेत याची पुरती खात्री करून घेऊन चारुशीलाबाई उठल्या आणि हाताचं पीठ झाडत म्हणाल्या, "कुदळ मारायला खुशाल येत जा हिच्याकडं. जेवायला मात्र घरी."