एका ओळीत दोघी

मोनालीच्या आईने उज्ज्वलाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि लग्नपत्रिका दिली. "देवानंतर पहिली तुम्हालाच, ताई. तुम्ही फोन केला नसता तर पोरगी हातची गेली असती."

उज्ज्वलाला मान वर करवेना. चैत्रात मोनाली मैत्रिणीचा हात धरून उज्ज्वलाच्या महिला केंद्रात आली होती. "आम्हाला एकमेकींसोबत राहायचंय. तुम्हाला नाही कळणार, तर कोणाला कळणार?" पोरींना आसरा दिला तर गाव आपल्याही घरात डोकावेल, या धास्तीने उज्ज्वलाने त्यांना चहा दिला आणि आतल्या खोलीतून मोनालीच्या बापाला फोन लावला. तेव्हापासून कुंदा तिच्याशी कामापुरतंच बोलायची. अकरा वर्षं दोघींनी एकत्र संसार केला होता. गावाच्या लेखी कुंदा तिची मावसबहीण होती.

"पोरीनं कशालाच हूं की चूं केलं नाही," आई सांगत होती. "फक्त तुमची नावं घालायला अडून बसली. कुठं घालायची तेही तिनंच सांगितलं."

ती गेल्यावर कुंदाने पत्रिका उघडली. आशीर्वाद देणाऱ्यांत काका-काकू होते, मामा-मामी होते, आणि त्यांच्याखाली तशाच एका ओळीत छापलं होतं, 'उज्ज्वला व कुंदा'. दोघींची नावं अशी कुठेच कधी आली नव्हती.

"मला नाही जमणार जायला," उज्ज्वला म्हणाली.

"जायचं," कुंदा म्हणाली. "आणि पहिल्या रांगेत बसायचं. अंतरपाट खाली आला की तिला समोर आपण दोघी दिसायला हव्यात."