एकदा सरांना दाखवा

चित्रकलेच्या बाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर एका मोठ्या डॉक्टरांचं भाषण लावून ठेवलं होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पाळी थांबायच्या वयात बायकांनी काय काय तपासून घ्यावं, ते डॉक्टर हळुवार आवाजात सांगत होते. हाडं, छाती, साखर, रक्तदाब. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी अंगावर काढू नका. आणि घरातल्या पुरुषांनो, कधीतरी तिला विचारा, तुला काही होतंय का?

शेजारी बसलेल्या आजींनी पदराने डोळे टिपले. "किती मायेनं बोलतात. बाईचं दुखणं असं कळणारा पुरुष मी तरी बघितला नाही."

बाईंनी खुर्ची भिंतीकडे आणखी सरकवली.

आत बोलावलं तेव्हा त्या टेबलाच्या कडेला अवघडून बसल्या. डॉक्टर तरुण होती, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या वयाची. तिने सरळच विचारलं, काय त्रास होतोय? बाई एकदा बोलायला लागल्या आणि थांबल्या नाहीत.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. सुटले एकदाची, असं वाटलं होतं. मग अंगातून वाफा निघायला लागल्या. भर वर्गात, फळ्यावर फुलदाणी काढता काढता पाठ घामाने चिंब व्हायची. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. नवऱ्याने नाक मुरडलं आणि आपली गादी दुसऱ्या खोलीत नेली.

थंडीच्या सुरुवातीला पुन्हा रक्त दिसलं. आधी थोडं, मग बरंच. बाईंनी नवऱ्याच्या कानावर घातलं. त्याने ताटातून मानसुद्धा वर केली नाही. वयाचं असतं ते, उगाच बाऊ करू नकोस, म्हणाला. आणि जेवताना असले विषय काढायचे नाहीत.

त्यानंतर त्याच्या कामावरची माणसं घरी जेवायला आली. बाई वाढायला उठल्या आणि खुर्चीवरचा डाग सगळ्यांना दिसला. पाहुण्यांनी नजरा आपापल्या ताटात वळवल्या. नवऱ्याने हसत हसत डागावर उशी ठेवली आणि नवा विषय काढला. सगळे गेल्यावर तीच उशी त्याने चिमटीत धरून कचऱ्यात टाकली, आणि कोपरापर्यंत हात धुतले.

सकाळी बाईंच्या खुर्चीवर प्लास्टिक अंथरलेलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?" डॉक्टरने विचारलं.

"बसले," बाई म्हणाल्या. "चहा प्यायले."

त्या प्लास्टिकचा चरचर आवाज त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. पुढे पुढे त्यांना स्वतःचीच किळस यायला लागली. अंघोळीला गेल्या की कातडी लाल होईपर्यंत घासायच्या. वर्गात मुलं जवळ आली की मागे सरायच्या, वास येत असेल म्हणून. गावात सगळे ओळखीचे, म्हणून शाळेत डोकं दुखतंय सांगून, दोन बस बदलून त्या इथे आल्या होत्या.

डॉक्टरने त्यांना आतून तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. पडद्यावर दिसलं ते तिने दोनदा मोजलं. मग हातमोजे काढून डब्यात भिरकावले.

"काकू, असल्या माणसाबरोबर तुम्ही राहता कशा?"

बाईंनी कपडे नीट केले.

गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय, डॉक्टरने समजावलं. तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. निदान होईपर्यंत घाबरायचं कारण नाही, पण आता एक आठवडासुद्धा घालवायचा नाही. काही वाईट निघालंच, तर बहुतेकदा पिशवी काढून माणूस बरं होतं. मात्र इथे तेवढी सोय नव्हती.

"बाहेर टीव्हीवर आहेत ना, त्या सरांना एकदा दाखवा. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही."

"त्यांच्याकडे नको," बाई म्हणाल्या.

फीची काळजी करू नका, मी बोलते, असं म्हणत डॉक्टरने फोन लावलासुद्धा. बाई उठून दारापर्यंत गेल्या. तोवर पलीकडून उचलला होता, आणि डॉक्टर घाईघाईने सांगत होती. शिक्षिका आहेत, सर. पाळी गेल्यावर रक्त जातंय, अस्तर बरंच जाड आहे. आणि घरचा माणूस असा, की यांना प्लास्टिकवर बसवतो.

"अरेरे," फोनमधला आवाज कळवळला. "कसली ही माणसं. त्यांच्याशी बोलू दे मला."

डॉक्टरने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई दाराची कडी धरून उभ्या होत्या.

"ताई, अजिबात घाबरू नका. मला तुमचा भाऊ समजा. कधीपासून जातंय अंगावरून? आणि इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत का?"

बाई परत आल्या. खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या, फोन जवळ घेतला.

"सांगितलं होतं," त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "थंडीच्या सुरुवातीला. जेवताना."

पलीकडे खुर्ची सरकल्यासारखं ऐकू आलं.

"तू?" मग आवाज आला. "माझी बायको असून तू तिथे जाऊन बसलीस?"