डावा हात

"वाजव गं ती गोड धून." पाहुणे टेकले नाहीत तोच नवऱ्याचं फर्मान.

मी पियानोपाशी बसून वाजवू लागले. "अरेच्चा, गाडी मागे घेताना हेच वाजतं की!" पाहुणे म्हणाले. सगळे हसले, नवरा सगळ्यात मोठ्यानं. "पुरे आता, पुढचं कर्कश आहे," तो म्हणाला.

बारा वर्षं मी इथंच थांबत आले. कुणा बाईसाठी लिहिलेली ही रचना. ती कोण, कुणालाच धड ठाऊक नाही. गोड धून तीनदा येते, पण शेवटच्या खेपेआधी डावा हात एकच सूर बडवत राहतो.

आज मी तो बडवला. पियानोवरच्या कपबशा थडथडल्या. नवरा उठला.

"पुरे म्हटलं ना!"

"खाली बसा. अजून संपलेलं नाही."

मग तीच गोड धून परत आली. कुणीच हसलं नाही.