तळपायातली काच

"स्टॉकहोम आता माणसाने जायचं शहर राहिलं नाही गं," इंगेला म्हणाली. "दोन दिवसांत एकाने साधी ओळख दिली नाही. दिली ती बाटलीनेच."

आरोग्य केंद्रातली गुनवोर नर्स इंगेलाच्या नवऱ्याच्या, टोर्केलच्या पायावर वाकली होती. रक्ताने वाळून कडक झालेला लोकरी मोजा तळपायाला चिकटला होता आणि कोमट पाण्याने भिजवून ती तो हळूहळू सोडवत होती. टोर्केल दात आवळून छताकडे बघत होता. आयुष्य जंगलात लाकूड तोडण्यात गेलेला हा धिप्पाड माणूस तपासणीच्या टेबलावर मावत नव्हता.

"कुठे गाठलं त्या गुंडांनी?" गुनवोरने विचारलं.

"पुलाजवळ, शनिवारी. बोटीतून फिरून आलो, छान ऊन होतं. मी म्हटलं, कॉफी घेऊ. एवढ्याशा दालचिनी बनची किंमत ऐकून टोर्केलला घेरी यायची बाकी होती. तिथून निघालो तर तिघं आडवे. एकाने माझी पर्स ओढली, दुसऱ्याने बाटली फोडली. हा मधे पडला, तर याला आडवा पाडून बरगडीत लाथा घातल्या. लोक आइस्क्रीम खात बघत होते. सांग ना रे."

टोर्केलने आधी बायकोकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तिघं होते."

"तिथे दवाखान्यात नाही गेलात?"

"नऊ तासांची रांग," इंगेला म्हणाली. "तेवढ्यात माणूस आपोआप बरा तरी होतो, नाहीतर मरतो तरी."

मोजा सुटला. तळपाय पार फाटला होता. गुनवोरने चिमटा घातला, तसा टोर्केलच्या घशातून एक आवाज निघाला आणि तिथेच दबला. काचेचे तुकडे एकेक करून ताटलीत पडू लागले. पाचवा तुकडा बोटाच्या पेराएवढा होता.

"तुझ्या हाताला काय झालं?" गुनवोरने मान वर न करता इंगेलाला विचारलं. तिच्या उजव्या मुठीची हाडं सुजून निळी पडली होती. ती होतीच मुळात चिमणीएवढी, त्यात तो हात फारच केविलवाणा दिसत होता.

"पर्स सोडली नाही ना. बंदात बोटं अडकली."

टोर्केलने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गुनवोरला आपल्या नजरेचा गर्व होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. बावीस वर्षांत 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या किती बायका तिने पाहिल्या होत्या. तिने हातातला मोजा उजेडात धरला. पाच ठिकाणी आरपार फाटला होता. मग तिने दाराशी काढून ठेवलेले टोर्केलचे बूट उचलून उलटे केले. तळाला ओरखडासुद्धा नव्हता. आत रक्ताचा थेंब नव्हता.

शहराच्या रस्त्यावरून मोज्यांनी कोण चालतं? मोज्यांनी माणूस वावरतो तो घरात. बूट घालून घरात शिरणारा या गावात अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे काच फुटली ती चार भिंतींच्या आत, स्टॉकहोममध्ये त्यांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत. या दांडगटाने काहीतरी भिरकावलं आणि स्वतःच त्यावर पाय दिला. चांगली अद्दल घडली, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

तिने पट्टी बांधली. "टोर्केल, तू बाहेर बस. इंगेलाचा हात बघते."

त्याने पुन्हा बायकोकडे पाहिलं. दोन मिनिटं तिला एकटी सोडायची म्हटलं तर याच्या जिवावर येतंय, गुनवोरच्या मनात आलं.

"जा ना," इंगेला म्हणाली. "आलेच मी."

तो बूट हातात घेऊन लंगडत गेला. गुनवोरने काचेचं दार लावून घेतलं.

दर गुरुवारी ती नगरपालिकेच्या मदतकेंद्रात बसायची. घरात मार खाणारी माणसं तिथे संगणकावरून निनावी लिहीत. एकाच माणसाचा मजकूर तीन गुरुवार येत होता. 'काल पुन्हा पट्टा. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबून घेतला.' आणि गेल्या गुरुवारी: 'शनिवार-रविवार स्टॉकहोमला जावं लागणार. परतल्यावर सोमवारी घर सोडायचं आहे. खोली मिळेल?' गुनवोरने लगेच उत्तर दिलं होतं, मिळेल. तेव्हापासून चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. माणूस जिवंत परत येतो की नाही, एवढंच डोक्यात होतं.

तिने इंगेलाचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला.

"माझ्यापुढे नाटक नको, बाळा. हे घरातच झालंय, मला कळलंय. पट्टा, तोंडातला टॉवेल, सगळं मीच वाचते. मदतकेंद्रात गुरुवारी मीच असते."

इंगेला तिच्याकडे बघतच राहिली.

"सगळं लिहिलेलं आहे?" तिने विचारलं.

"अगदी सगळं. आज निघायचं होतं ना? खोली तयार आहे. चर्चमागचं पिवळं घर, मागचं दार. कुणाला ठाऊक नाही."

"मागचं दार," इंगेला म्हणाली. "आणि टोर्केलला यातलं काही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?"

"मीही नाही बोलणार. घरी पोहोचेपर्यंत तरी."

गुनवोरने तिला मिठीत घेतलं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

बाहेर टोर्केल बाकावर बसला होता. एक बूट पायात होता, दुसरा पट्टीवरून चढत नव्हता. इंगेला त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने बूट चढवला आणि नाडी ओढू लागली. काचेआडून गुनवोरचा जीव तुटला. इथेसुद्धा हा तिला पायाशी बसवतो.

इंगेलाने नाडी आणखी ओढली. टोर्केलचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्याने हूं की चूं केलं नाही.

"चर्चमागचं पिवळं घर," ती त्याच्या कानाशी हलकेच म्हणाली. "आणि माझ्या पट्ट्याबद्दल तू परक्या बाईला लिहितोस?"